परात संघाची खुर्ची

आमच्या संघाची वार्षिक सभा सभागृहात भरत नाही. ती भरते नांदणवाडीच्या रिकाम्या रानात, सकाळी वारा पडलेला असताना. तिथं अध्यक्षांचं भाषण नंतर होतं, आधी अध्यक्षांची परीक्षा होते. बाहेरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात. मग परीक्षा बघतात, आणि आपल्या संस्थेत असलं काही नाही म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानतात.

कागदावर संघाचं नाव आहे 'कृष्णाकाठ खत-पसरणी व्यावसायिक संघ'. हे नाव कागदाबाहेर कुणी उच्चारत नाही. लोक म्हणतात 'परात संघ'. शिरोळ-मिरज भागात भाड्यानं खत फेकून देणारे जेवढे स्प्रेडरवाले आहेत, ते बहुतेक सगळे आमचे सभासद. स्प्रेडर म्हणजे ट्रॅक्टरमागं बसवलेली खताची मोठी टाकी. तिच्या बुडाला दोन तबकड्या गरगर फिरतात आणि खताचा दाणा डाव्या-उजव्या बाजूला लांबवर फेकतात. हे दाणे रानात सगळीकडं सारखे पडले पाहिजेत. कमी पडले तिथं पीक पिवळं राहतं. जास्त पडले तिथं पीक माजून लोळतं, आणि उरलेलं खत पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीत नाहीतर कृष्णेत जातं. तेच पाणी आपण पितो.

पूर्वी हे कुणी मोजत नसे. आमचे संस्थापक भरमगोंडा मगदूम, म्हणजे भरमूआण्णा, यांच्या गाडीनं एकदा एका माणसाच्या गव्हात हिरवे-पिवळे पट्टे उठवले. तो माणूस भर बाजारात ओरडला, "आण्णा, गहू मागितला होता, सतरंजी न्हवं!" आण्णांच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघरी फिरून कणीक मळायच्या पराती गोळा केल्या, रानात आडव्या ओळीनं मांडल्या आणि त्यांच्यावरून गाडी नेली. मग प्रत्येक परातीतलं खत तागडीत घालून तोललं. सगळ्या परातींत सारखं वजन येईपर्यंत ते तबकडीची पाती वाकवत बसले. सगळ्यात पहिली परात त्यांच्या मंडळींची होती. तिच्या काठावर अजून नाव कोरलेलं आहे: सौ. अक्काताई भ. मगदूम.

त्यातून संघ उभा राहिला आणि संघाचा एकच मोठा नियम ठरला. दर वर्षी सगळ्यांच्या आधी अध्यक्षाची गाडी परातींवरून जाईल. ती नापास झाली तर अध्यक्षानं तिथल्या तिथं खुर्ची सोडायची. मागं एकदा अंकलीकडचे एक अध्यक्ष असे नापास झाले होते. ते गाडीवरून उतरले, खुर्ची स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि मागं जाऊन सतरंजीवर बसले. चहाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. त्या दिवशी मला या संघाचा एवढा अभिमान वाटला की घरी जाऊन मी तीच गोष्ट बायकोला दोनदा सांगितली.

मी या संघाचा चिटणीस, जिनदत्त उपाध्ये. निवृत्त विज्ञानशिक्षक, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. पराती तोलायचं काम माझं. चिटणिसाला आमच्याकडं मत नसतं, चहा सांगायचा अधिकार तेवढा असतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ती म्हणजे आवाज. गाडी परातींजवळ आली की स्टीलवर दाणे आपटून खणखणाट सुरू होतो. आता ट्रॅक्टर विजेवर चालतात, इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे तो खणखणाट अर्ध्या गावाला ऐकू जातो. आमची माणसं त्या आवाजावर टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात. गाडीच्या दारावर परातीचा शिक्का असला की शेतकरी दुसरं काही विचारत नाही. "परात हाय न्हवं? मग चला," एवढंच.

आमच्या अध्यक्षा त्रिशला मगदूम, भरमूआण्णांच्या सूनबाई. आण्णांचा मुलगा जयसिंगपुरात दातांचा डॉक्टर आहे, त्याला यंत्राचं मशेरीएवढंही प्रेम नाही. सून मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी स्प्रेडरखाली पाना घेऊन शिरली ती आजतागायत बाहेर आलेली नाही. आण्णा तिला यंत्र शिकवायचे आणि तिच्यासमोर कधी कौतुक करायचे नाहीत. माझ्याकडं येऊन करायचे. "मास्तर, पोरीचा हात बघा. पातीला नुसता हात लावून सांगती किती झिजलीय."

यंदा आमच्यासमोर प्रश्न होता तो दिवटीचा.

दिवटी हे मातीतल्या एका जिवाणूचं नाव. मूळचा साधाच, मुळांजवळ राहणारा. शास्त्रज्ञांनी त्याच्यात एक छोटासा बदल केला. मातीत नायट्रेट, म्हणजे खताचा विरघळलेला अंश, गरजेपेक्षा जास्त झाला की हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. त्या प्रथिनावर ठरावीक प्रकाश टाकला की ते उजळतं. आपल्या डोळ्याला तो उजेड दिसत नाही, ड्रोनच्या खास कॅमेऱ्याला दिसतो. खत टाकल्यावर पंधरवड्यानं ड्रोन फिरवला की रानाचा नकाशा मिळतो. खत जास्त तिथं उजेड, बेताचं तिथं अंधार. थोडक्यात, कुणी कसं खत फेकलं ते आता जमीनच सांगायला लागली होती.

सरकारनं नदीकाठच्या रानांत दिवटी सोडली आणि त्यापाठोपाठ नियम आणला. यापुढं खत फेकणाऱ्या प्रत्येक गाडीला दाखला लागणार. तो दाखला द्यायचा अधिकार आमच्या संघाला मिळणार की 'सुक्षेत्र' नावाच्या कंपनीला, ते कृषी खातं आमच्या सभेनंतर ठरवणार होतं. सुक्षेत्र स्वतःच बिनड्रायव्हरचे स्प्रेडर विकते. अधिकार तिला गेला असता तर विकणारा तोच आणि तपासणारा तोच. आमची माणसं तिच्या दारात उभी राहिली असती आणि परात पुन्हा कणकेत गेली असती.

डॉक्टर निलोफर मुजावर मिरजेची, कधीकाळची माझी विद्यार्थिनी. आता विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवते. दिवटीचे पहिले नकाशे घेऊन ती त्रिशलाच्या शेडमध्ये आली.

त्रिशला म्हणाली, "आधी माझं रान दाखवा."

निलोफरनं नकाशाचा पडदा उघडला. काळ्या रानात पांढऱ्या उजळ रेघा होत्या, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

"हे काय ओ डॉक्टर? इरकल लुगडं हाय का रान?"

"ताई, उजळ दिसतंय तिथं खत जास्त पडलंय," निलोफर हळूच म्हणाली. "दोन फेऱ्या जिथं एकमेकींना भिडतात, नेमक्या तिथं."

त्रिशलानं पाना उचलला आणि सगळी गाडी खोलली. पाती ठीक, तबकड्या ठीक, वेग ठीक. आम्ही पराती मांडून बघितल्या, वजनं अगदी मर्यादेत. खणखणाटही नेहमीसारखा. मग निलोफरनं इतर सभासदांची रानं दाखवली. उपाध्यक्ष रणधीर चौगुलेचं रान घ्या, नाहीतर अंकलीचं, कवठ्याचं. सगळीकडं त्याच रेघा. ज्यांच्या दारावर परातीचा शिक्का होता त्यांच्या रानात तर त्या रेघा अगदी पट्टीनं ओढल्यासारख्या.

"म्हणजे चूक गाडीची न्हवं," त्रिशला म्हणाली. "सगळ्यांची एकच चूक आहे म्हटल्यावर ती आपण सगळ्यांनी मिळून केलेली."

तिनं फोन परातीशेजारी जमिनीवर ठेवला, गाडी नेली आणि मग ते चित्रण एकदम संथ करून आम्हाला दाखवलं. गाडीजवळच्या परातींत दाणा वरून उभा पडत होता आणि राहत होता. लांबच्या परातींत दाणा तिरका, वेगात येत होता. स्टीलवर आपटून खण्‌ वाजत होता आणि उडी मारून काठाबाहेर जात होता.

मी ते तीनदा बघितलं. लांबच्या परातींतला माल उडून जायचा, म्हणून तिथलं वजन कमी भरायचं. ते कमी भरतं म्हणून आम्ही पाती वाकवून लांब जास्त फेकायचो, परात भरेपर्यंत. पण रानातली भुसभुशीत माती काही स्टीलची नसते, तिच्यात दाणा जिथं पडतो तिथंच रुततो. त्यामुळं प्रत्येक फेरीच्या कडेला आम्ही मन लावून जादा खत टाकत आलो होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ज्या खणखणाटावर आम्ही टाळ्या वाजवल्या तो पळून चाललेल्या दाण्यांचा आवाज होता. मला खरंच रडू आलं. त्रिशलाला आलं नाही. तिनं घरातली एक जुनी गोधडी आणली, कात्रीनं तिचे तुकडे केले आणि प्रत्येक परातीच्या तळाशी एकेक अंथरला. निलोफरकडं प्रयोगशाळेतली खास जाळी होती, तीही शेजारच्या परातींत घालून बघितली. दोन्हींत दाणा पडला की पडला, उडाला नाही. वजनंही दोन्हींची सारखी भरली. त्या वजनांप्रमाणं त्रिशलाची गाडी सपशेल नापास होती.

"प्रत्येक घरात गोधडी असते," त्रिशला म्हणाली. "गोधडीच घेऊ."

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. ड्रोन उडवायचं कंत्राट सुक्षेत्रकडं होतं, म्हणजे नकाशे त्यांनीही बघितलेले. त्यांचा एक गोड बोलणारा साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन शेडमध्ये आला.

"मॅडम, यंदाची सभा नेहमीसारखीच होऊ द्या," तो म्हणाला. "तुमचा परातींचा कार्यक्रम फार सुंदर असतो, अगदी लोककलेसारखा. दाखला आपण दोघांच्या नावानं देऊ. तुमच्या सभासदांचे नकाशे आमच्याकडं बंद राहतील. बाहेर फक्त बिगर-सभासदांचे जातील."

त्रिशलानं पुडा त्याच्या हातात परत दिला. "पेढे घेऊन जावा. आमच्यात पास झाल्याशिवाय पेढे खात न्हाईत."

तो गेल्यावर कार्यकारिणी बसली. रणधीर चौगुले मनानं चांगला पण तोंडाचा फटकळ. तो उभाच राहिला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. यंदाचं वर्ष गप ऱ्हावूया. अधिकार पदरात पडू दे, मग गुपचूप गोधड्या घालू. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मूठ झाकलीय कुठं, रणधीरभाऊ? वर ड्रोन फिरतोय."

"त्यो सायेब बंद ठेवतो म्हणतोय की."

"आणि त्यानं उद्या उघडले तर? जन्मभर त्याच्या मुठीत बसायचं आपण." त्रिशलानं सगळ्यांकडं बघितलं. "भाऊ, लोकांनी विश्वास ठेवला तो स्टीलवर ठेवला न्हाई. अध्यक्ष सगळ्यांच्या आधी परीक्षा देतो, यावर ठेवला. ह्या वर्षी ती परीक्षा लपवली तर मग आपल्याकडं राहिलं काय?"

मतं घेतली, ती समसमान पडली. अशा वेळी अध्यक्षाचं मत निर्णायक. त्या मतानं आपली खुर्ची जाणार हे तिला ठाऊक होतं, खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिनं हात वर केला. नकाशे सभेत दाखवायचे, सगळ्यांचे, आणि पहिला तिचा. रणधीर पाय आपटत गेला. मी चहा सांगितला, पण प्यायला कुणी थांबलं नाही.

खरी अडचण मात्र घरात होती. मगदूमांच्या घरी सूर्यास्ताआधी जेवणं होतात. आण्णा, त्रिशला आणि आठवड्यातून दोनदा मी, अशी आमची पंगत असे. त्या संध्याकाळी आण्णांना रणधीरकडून सगळं आधीच कळलेलं होतं.

"परात खोटं बोलती म्हणं?"

"परात खोटं बोलत नाही, मामंजी. दाणा उडतो, आणि ते आपल्याला दिसलं न्हवतं."

"माझ्या डोळ्यांला दिसलं न्हवतं म्हण की सरळ!" आण्णांचा आवाज चढला. "एका माणसानं बाजारात सतरंजी म्हणून हिणवलं तवा ह्या पराती गोळा केल्या मी. त्या आवाजावर उभा जन्म गेला माझा. आन् तू, माझ्या घरची सून, भर सभेत सांगणार, भरमूआण्णानं सगळ्या मुलखाची सतरंजी केली म्हणून?"

"दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं."

"तुझ्या सासूच्या परातीला हात लावायचा न्हाई."

आण्णांनी ताट उचललं आणि बाहेरच्या सोप्यात जाऊन बसले. त्या दिवसापासून ते वेगळे जेवायला लागले. सुनेशी एक शब्द नाही. काही सांगायचं झालं तर दातांच्या डॉक्टरामार्फत. तो बिचारा रोज लोकांच्या तोंडात हात घालतो, पण ही दोन तोंडं त्याला उघडता येईनात.

सभेच्या आदल्या दिवशी मी त्रिशलाला म्हणालो, "पोरी, खुर्ची जाईल तर जाऊ दे. पण म्हाताऱ्याचं मन मोडतंय."

ती गोधडीचे तुकडे मोजून ठेवत होती. "मास्तर, खुर्चीचं मला काही न्हाई. मामंजींचं लागतंय." मग डोळे पुसून म्हणाली, "पण त्यांनीच शिकवलंय मला. परातीत जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं."

सभेला एवढी गर्दी कधीच नव्हती. कृषी खात्याचे सहसंचालक वळवी साहेब पुढच्या रांगेत, शेजारी सुक्षेत्रचा साहेब, मागं सभासद आणि गावोगावचे शेतकरी. रानात परातींच्या दोन ओळी मांडल्या होत्या. एक नेहमीची. दुसरी गोधडी घातलेली.

त्रिशलानं पहिल्यांदा पडद्यावर स्वतःच्या रानाचा नकाशा लावला. पांढऱ्या रेघा बघून लोकांत कुजबुज झाली.

"हे माझं रान. ह्या रेघा माझ्या गाडीनं ओढल्यात. तुमच्याही रानांत आहेत, कारण तुमच्या रानात खत आम्हीच फेकलंय. दाणा परातीतून उडतो आणि आम्हाला इतकी वर्षं ते कळलं न्हाई. ह्यात कुणाची लबाडी न्हाई, पण चूक आहे, आणि ती आमची आहे. आता मी दोन्ही ओळींवरून गाडी नेते. पुढचं मास्तर सांगतील."

गाडी निघाली. पहिल्या ओळीवर तोच ओळखीचा खणखणाट झाला, पण या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या ओळीवर काहीच आवाज आला नाही. मी दोन्ही ओळी तोलल्या.

"पहिली ओळ, पास. दुसरी ओळ..." मी वजनं पुन्हा एकदा बघितली. "दुसरी ओळ, नापास."

त्रिशला गाडीवरून उतरली, व्यासपीठावर गेली, अध्यक्षाची खुर्ची उचलून खाली आणली आणि रानात मांडली. मग मागं जाऊन सतरंजीवर बसली.

नियमाप्रमाणं पाळी आता उपाध्यक्षाची. रणधीर जागचा हलेना. मला वाटलं, झालं, इथंच मोडलं सगळं. पण तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत उठला, गाडी काढली आणि गोधडीच्या ओळीवरून नेली. नापास. तो खाली उतरला आणि त्रिशलाच्या शेजारी जाऊन बसला.

"सरका की वहिनी जरा," तो म्हणाला.

त्यानंतर बांधापलीकडून एक आवाज आला. धडधड, धूर, खोकला. हल्लीच्या पोरांनी असा आवाज ऐकलेलाही नाही. आण्णांचा जुना डिझेल ट्रॅक्टर होता तो, मागं पहिला गंजका स्प्रेडर, आणि वर पांढरा फेटा बांधून स्वतः भरमूआण्णा. डिझेल त्यांनी कुठून पैदा केलं देव जाणे. माणसं वाट सोडून बाजूला झाली. आण्णांनी इकडंतिकडं न बघता गाडी सरळ गोधडीच्या ओळीवरून नेली आणि बंद केली.

मी तोललं. सगळ्या दिवसातला सगळ्यात वाईट निकाल होता.

मी हळू आवाजात म्हणालो, "आण्णा, नापास."

"मोठ्यानं सांगा मास्तर. मला ऐकू येत न्हाई."

"भरमगोंडा मगदूम," मी ओरडलो, "नापास!"

"हां." आण्णांनी मान डोलावली. "माणसानं नापास व्हावं तर असं, धा जणांत." ते खाली उतरले. त्यांच्या हातात अक्काताईंची परात होती, तळाशी गोधडीचा तुकडा, तोही त्यांनी स्वतःच कापलेला असावा, कारण फार वाकडा कापला होता. त्यांनी ती परात रिकाम्या खुर्चीवर ठेवली. "आज इथं कुणीच पास न्हाई. जोवर कुणी पास होत न्हाई, तोवर ही अध्यक्ष."

आणि मग माझ्या आयुष्यात मी जे बघितलं नव्हतं ते बघितलं. बांधाला उभ्या केलेल्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या. अंकलीचे आले, कवठ्याचे आले, तरणी पोरं आली, केस पिकलेले आले. सगळ्यांनी रांग लावली. एकेक गाडी ओळीवरून जायची, मी तोलायचो, ओरडायचो "नापास", आणि माणूस छाती काढून उतरायचा. मधेच कुणीतरी टाळी वाजवली आणि मग प्रत्येक नापासाला टाळ्या पडायला लागल्या. मीही वाजवल्या, तागडी खाली ठेवून. माझा ऊर भरून आला होता आणि ते कुणापासून लपवायची मला गरज वाटली नाही.

सुक्षेत्रचा साहेब वळवी साहेबांना म्हणाला, "सर, म्हणजे यांच्याकडं एकही गाडी योग्य नाही."

"ते ऐकलं मी. त्यांनीच ओरडून सांगितलंय," वळवी साहेब म्हणाले. "तुमच्या गाड्या या ओळीवरून नेता का?"

साहेबाला नेमकं त्याच वेळी एका महत्त्वाच्या बैठकीची आठवण झाली.

वळवी साहेब निघताना माझ्याकडं आले. "मी कुणावर उपकार करणार नाही, मास्तर. पुढच्या पेरणीआधी तुमच्या अध्यक्षाची गाडी गोधडीवर आणि दिवटीवर, दोन्हीकडं पास झाली पाहिजे. झाली तर अधिकार तुमचा. नाही झाली तर नाही. हे पत्र कुणाच्या नावे काढू? सध्या अध्यक्ष कोण?"

मी खुर्चीकडं बोट दाखवलं. त्यांनी वाकून परातीच्या काठावरचं नाव वाचलं आणि तिला नमस्कार केला.

पुढचे महिने सगळ्या भागात दुसरं काही चाललं नव्हतं. पात्या सरळ होत होत्या, तबकड्यांचा वेग उतरत होता. घराघरातल्या गोधड्या कमी व्हायला लागल्या म्हणून बायका कुरकुरल्या. मगदूमांच्या शेडमध्ये आण्णा स्टुलावर बसून सूचना द्यायचे आणि त्रिशला त्यातल्या निम्म्या ऐकायची. बोलणं अजून बेताचंच होतं, पाती आणि पान्यापुरतं. पंगत मात्र पुन्हा एक झाली होती. चाचणीच्या आधी त्रिशलाच्या रानावर ड्रोन फिरला. निलोफरनं पडदा उघडला, तेव्हा सगळं रान एका रंगाचं काळं होतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली, वर्गात मारायचो तशी.

राहिली गोधडीची परीक्षा. कार्तिकातली सकाळ, वारा पडलेला. परातीचं अध्यक्षपद संपवायला रणधीर पहिला गेला आणि केसाएवढ्या फरकानं नापास झाला. त्यानं कुणाला काय शिव्या घातल्या ते इथं लिहीत नाही. मग त्रिशलाची गाडी निघाली. विजेचा ट्रॅक्टर, गोधडीच्या पराती. एवढी माणसं असून रानात होला पक्षी घुमत होता तो ऐकू येत होता.

आण्णा लांबच्या टोकाच्या परातीजवळ काठी टेकून उभे होते, कान खाली करून. गाडी गेली. दाणे त्यांच्या पायाशी पडले.

मी तोलायला लागलो. एकेक परात, एकेक वजन. शेवटची परात तागडीतून उतरली. मी नुसता हात वर केला. माणसांनी ओळखलं आणि रानात एकच कल्ला झाला. वळवी साहेबही उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्या गोंधळात आण्णा काठी टेकत सुनेच्या गाडीजवळ आले. ती अजून वरच बसलेली होती. तिला उतरायचं सुचत नव्हतं.

"मला नीट ऐकू येत न्हाई," आण्णा म्हणाले. "आवाज आला काय गं?"

"न्हाई, मामंजी. काहीच आवाज न्हाई आला."

"मग उतर खाली." त्यांनी खुर्चीवरची परात उचलून छातीशी धरली. "तुझ्या सासूला घरी घेऊन जातो. तू बस हितं."